सैन्यभरती व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती
सैन्यभरती व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती : महाविद्यालयाच्या दप्तरातील विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, जन्मतारखा, शिक्षणक्रम इ. माहिती सैन्यभरती अधिकाऱ्यांना देणे व त्यावरील कायदेशीर निर्बंध यांचा विचार या विषयात होतो. प्रवेशासाठी दिलेली माहिती विद्यार्थ्याच्या संमतीवाचून अन्य कारणासाठी वापरावी काय, हा यातील मूळ प्रश्न होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७४ च्या अधिनियमाने शैक्षणिक नोंदी गोपनीय ठरविल्या. तथापि १९९६ च्या ‘सॉलोमन दुरुस्ती’नुसार १७ वर्षांवरील विद्यार्थ्यांची ठराविक माहिती भरती अधिकाऱ्यांना नाकारणारी संस्था केंद्रीय निधीस मुकते. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. आपली माहिती कोणासच देऊ नये, असे आधी कळविणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती मात्र वगळली जाते.

भारतात असा कायदा नाही. येथील सैन्यभरती ऐच्छिक असून उमेदवार स्वतः अर्ज करतो. महाविद्यालय व सैन्य यांचा नित्याचा दुवा म्हणजे १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना. चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची करण्यात आली. १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक झाली. तिच्या सदस्यत्वामुळे सैनिकी सेवेचे बंधन येत नाही.

रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर येथील सैन्यभरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे गावातील तरुणास अग्निवीर व्हावयाचे असल्यास त्याने स्वतः संगणकीय नोंदणी करावयाची असते. २०२३ पासून प्रथम लेखी परीक्षा व नंतर भरती मेळावा असा क्रम आहे. महाविद्यालयाने त्याचे नाव कळविण्याची गरज नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून प्रमुख तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाच्या आहेत. माहिती कोणत्या कारणासाठी हवी ते सांगून तेवढ्यापुरतीच संमती घ्यावी, हे या अधिनियमाचे मुख्य तत्त्व होय. केवळ कागदी प्रवेशपटास तो लागू नाही. पट संगणकावर चढविला की लागू होतो.

या अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक असून तिची माहिती वापरण्यास पालकांची संमती लागते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयोगटातील असतात. अग्निवीर भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे आहे. १८ वर्षांखालील उमेदवाराच्या नोंदणीपत्रावरही पालकांची सही आवश्यक असते. याउलट, देशाची सार्वभौमता व सुरक्षितता यांसाठी शासनास संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा असून अधिसूचित शासकीय यंत्रणांना अधिनियमातून सूटही देता येते. ही सूट किती मर्यादित राहते, यावर विद्यार्थ्याला मिळणारे संरक्षण अवलंबून आहे.