वेबसाईटचं नाव कुणाच्या नावावर?



भाताची लावणी आटोपली. खोडकिडा आणि करपा यांवर मागच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, बांधावरची फेरी चालू ठेवा. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही मालाच्या भावाशीच जोडलेला.

आपला तांदूळ, नाचणी, काजू, कोकम घेणारं बरंचसं गिऱ्हाईक मुंबई-ठाण्यात आहे. आज ते ओळखीच्या चाकरमान्याकडून माल मागवतं. कंपनीची वेबसाईट झाली तर ओळख नसलेला माणूसही मागवू शकेल. पुढच्या सभेत हा विषय निर्णयाला आहे. वेबसाईट बनवणारे रंगीत नमुने दाखवतील. तुम्ही रंग बघण्याआधी दोन प्रश्न विचारा: *डोमेन कुणाच्या नावावर? होस्टिंग कुठं?*

*दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत*

डोमेन म्हणजे गिऱ्हाईक मोबाईलवर टाईप करतं ते नाव. होस्टिंग म्हणजे आपले फोटो, दरपत्रक, ऑर्डरचा फॉर्म जिथं ठेवलाय तो चोवीस तास चालू असणारा संगणक. होस्टिंग हे भाड्याचं गोडाऊन समजा. पटलं नाही तर माल उचलून दुसरीकडे न्यायचा. नावाचं तसं नाही. नाव एकदा तांदळाच्या पिशवीवर, नाचणीच्या पिठाच्या पाकिटावर छापलं की बदलणं महागात पडतं. पिशव्या वाया जातात आणि जुनं गिऱ्हाईक हरवतं.

म्हणून डोमेनची नोंद *कंपनीच्याच नावावर* हवी. वेबसाईट बनवणारा म्हणतो, "काळजी नको, मी माझ्या खात्यातून घेतो." तिथंच थांबा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याची जमीन. इथंही 'रजिस्ट्रंट' या रकान्यात ज्याचं नाव, त्याचा हक्क. उद्या त्याच्याशी पटलं नाही किंवा त्याचा फोन लागेना, तर आपलं नाव त्याच्या खात्यात अडकलं. एखाद्या संचालकाच्या वैयक्तिक ईमेलवरही नोंद नको. संचालक बदलतात, कंपनी राहते. ईमेल कंपनीचा, ओटीपी येणारा नंबर कंपनीचा, बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर. पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि पदभार देताना तोही सोपवल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

*नाव कसं निवडायचं?*

साधी चाचणी सांगतो. मनातलं नाव मुंबईच्या भावाला किंवा भाचीला फोनवर एकदाच सांगा आणि टाईप करून पाठवायला सांगा. 'नाचणी' इंग्रजीत कुणी 'एन-ए-सी-एच' असं सुरू करतो, कुणी मध्ये जास्तीचा 'ए' घालतो, कुणी शेवटी डबल 'ई' लावतो. 'पोलादपूर'च्या 'पूर'लाही कुणी 'यू' लिहितो, कुणी डबल 'ओ'. पाच जणांनी पाच तऱ्हेनं लिहिलं तर ते नाव सोडा. नाव छोटं ठेवा. मध्ये आडवी रेघ नको, आकडे नकोत.

नावाच्या शेवटी काय असावं? 'डॉट इन' हे भारताचं. त्याची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असंही नाव घेता येतं, म्हणजे आपलं नाव सरळ मराठीत. माझं मत असं: मुख्य नाव 'डॉट इन' घ्यावं, जोडीला 'डॉट भारत' घेऊन ते त्याच वेबसाईटकडे वळवावं. मराठी नावाचा ईमेल सगळीकडे नीट चालत नाही, म्हणून पत्रव्यवहाराला 'डॉट इन' बरं.

शेवटचा भाग वाचायची सवय तुम्हालाही उपयोगी आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावावर जायला सांगितलं होतं. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. पीककर्जाची लिंक आली तर आधी तिचं शेपूट बघा.

*मुदत विसरू नका*

नाव कायमचं विकत मिळत नाही. एक ते दहा वर्षांसाठी मिळतं, मग नूतनीकरण करावं लागतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून एका नावाचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी बाहेरच्याच एका प्रोग्रामरनं ते पैसे भरले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपण तारीख इतिवृत्तात लिहून ठेवलेली बरी. शक्य असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरावेत. आणि "तुमचं डोमेन संपतंय, इथं पैसे भरा" असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. स्वतःच्या खात्यात जाऊन तारीख तपासा.

*होस्टिंग घेताना हे विचारा*

१) *दुसऱ्या वर्षीचा दर किती?* पहिल्या वर्षी सवलत असते, खरा भाव नूतनीकरणाला कळतो.

२) *सर्व्हर भारतात आहे का?* आपलं गिऱ्हाईक इथलं, सर्व्हर जवळ असला तर पान लवकर उघडतं.

३) *कुलपाची खूण, म्हणजे एसएसएल, फुकट आहे का?* ती आता मोफत मिळते, वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा.

४) *बॅकअप रोज होतो का, आणि त्याची प्रत आपल्याला मिळते का?* २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा काय काय गेलं ते आपण पाहिलंय. ऑर्डर आणि सभासदांची यादी फक्त ऑफिसच्या संगणकात नको आणि फक्त होस्टिंगवाल्याकडेही नको. दोन्हीकडे हवी.

आपल्याला मोठं होस्टिंग लागत नाही. दहा-बारा पानांच्या वेबसाईटला सगळ्यांत साधं 'शेअर्ड होस्टिंग' पुरतं. फोटो मात्र हलके करून टाकायला सांगा. पोलादपूरच्या वाड्यांवर नेटवर्कची एकच काडी असते, तिथंही आपला दर दिसला पाहिजे.

*आता तुमचं काम*

याच मेसेजला उत्तर म्हणून एक नाव सुचवा, मराठीत लिहा. फोनची चाचणी करूनच पाठवा. ताईंनो, तुमची नावं जरूर येऊ द्यात, पिठाची पाकिटं तुम्हीच भरता. आणि सभेला आलात की कोटेशन हातात घेऊन पहिला प्रश्न हाच करा: "नाव कंपनीच्या नावावर आहे ना?"

आपला,
कृषी सल्लागार 🌾