तर्रीवाचून कोंबडी

कोंबडीचा रस्सा म्हटला की नागपूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम तर्री उभी राहते. तेलाचा तो लालभडक थर दिसला नाही, तर स्वयंपाकात काही उणे राहिले असे त्यास वाटते. ही आवड पूर्वेकडे दुर्ग-भिलाईपर्यंतही पोहोचली असल्यास नवल नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, अहिवाऱ्याजवळच्या नंदिनी खाणींतून तिकडे चुनखडी जाऊ लागली, आणि या पट्ट्यात मराठी कुटुंबेही स्थायिक झाली.

अडचण अशी, की ज्या वडीलधाऱ्यांना तेल बेताने खाण्यास सांगितलेले असते, त्यांचे ताट रविवारी निराळे मांडावे लागते. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. परंतु कोंबडी नीट मुरवली, तर एक किलोस असे दोन चमचे तेल पुष्कळ होते.

कातडे काढलेल्या तुकड्यांना सुरीने चिरा द्याव्यात. मसाला आत फारसा शिरत नाही, तो चिरांतूनच पोहोचतो. वाटीभर घट्ट दही, दोन चमचे आले-लसणाचे वाटण, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद व दीड चमचा मीठ एकत्र करून चोळावे. मिठाने मांस पाणी धरून ठेवते. दह्यातील सौम्य आंबटपणा त्यास मऊ करतो. कच्ची पपई घालण्याचा मोह आवरावा. तिने वरचा थर लगदा होतो. भांडे झाकून चार तास शीतकपाटात ठेवावे. उन्हाळ्यात ओट्यावर तर मुळीच नको. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची आपल्याकडील सवयही सोडावी, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

आता भाज्या. धमध्याचा परिसर टोमॅटोसाठी ओळखला जातो, तेव्हा तीन टोमॅटो घ्यावेत. दोन कांदे, दोन गाजरे, पाव किलो फुलकोबी आणि शेवग्याच्या दोन शेंगा. (छत्तीसगढात शेवग्यास मुनगा म्हणतात.) जाड बुडाच्या पातेल्यात कांदा तांबूस परतून टोमॅटो विरघळू द्यावा व मुरवणासह कोंबडी घालावी. दही फुटू नये म्हणून आच मंद हवी. दहा मिनिटांनी गाजर व शेंगा, आणखी दहा मिनिटांनी फुलकोबी घालून झाकण ठेवावे. पाणी बहुधा लागत नाही. हाडाजवळचा रस स्वच्छ निघेपर्यंत शिजवावे. मुरवणही तोवर पुरते उकळलेले असते.

वरून कोथिंबीर व अर्ध्या लिंबाचा रस. भाज्यांमुळे हे कालवण सहा माणसांस पुरते आणि सर्वांना एकाच पातेल्यातून वाढता येते. सोबत तांदळाची भाकरी असावी. शेंगा चोखण्यासाठी मुलांना मात्र थोडा अधिक वेळ द्यावा.