ठेकेदाराने पगार बुडवला तर?

पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रसायनांपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी एचआरमध्ये नव्याने आलेल्याला सहसा हजेरी, रजा, पगारपत्रक आधी शिकवतात. माझ्या मते प्रशिक्षणाची सुरुवात कंत्राटी कामगारापासून व्हावी. ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर पगाराच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही. ठेकेदाराने पगार थकवला, तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, अशी तरतूद १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या कामगार संहितांतही ती आहे. म्हणून ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी पगार बँकेत जमा झाल्याचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा तपासावा. पीएफमधला मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही, हेही पाहावं.

दुसरी सवय मोडायची आहे ती ‘हिशेबाला पुढच्या महिन्यात या’ म्हणण्याची. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या कामगाराचा राहिलेला पगार कामकाजाच्या दोन दिवसांत द्यावा लागतो. आणि कामगारांनो, नेमणूकपत्र लेखी मागून घ्या. नव्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकावर बंधनकारक आहे.