मूळ शोधताना – ७ : जहाजाआधी शिपाई

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीत वाढलेल्यांची नातवंडं आजीचा माग काढायला बसली की पहिली उडी जहाजाच्या उतारू-यादीवर घेतात. या याद्या मागच्या भागात पाहिल्या. त्या खोट्या नाहीत, पण सुरुवात तिथून करणं म्हणजे उसाला शेंड्याकडून हात घालणं. आधी घरातला शिपाई शोधावा. कारण छावणीचा जन्मच फौजेच्या पदराआड झाला. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेल्या पोलिश लोकांना जुलै १९४१ च्या करारानंतर मोकळीक मिळाली, जनरल आंडर्स यांची फौज उभी राहिली आणि १९४२ मध्ये ती कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिच्याबरोबर बायका, मुलं, म्हातारी माणसंही बाहेर पडली. त्यांतली सुमारे पाच हजार पुढे कराचीमार्गे कोल्हापूरजवळ आली आणि १९४३ ते १९४८ तिथे राहिली. (त्याच बराकींत नंतर सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर ते हेच.) युद्धानंतर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला तोही बहुतेकांना शिपायाचे आप्त म्हणूनच. मग त्याच्या फायलीत जवळच्या नातलगाचं नाव असणार, हे उघड आहे.

यावर कोणी म्हणेल, छावणी तर बायकामुलांची. कित्येकांचे वडील सैबेरियातच वारले, शिपाई आणायचा कुठून? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. वडील नसले तरी थोरला भाऊ, मामा, काका फौजेत असू शकतो. आणि अगदीच कोणी नसेल तर रेड क्रॉस व जर्मनीतलं आरोल्सन अभिलेखागार यांच्याकडे वळावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उतारू-यादीत नाव आणि वय डोळ्यांसमोर असतं, मग आडवाट कशाला? कारण पुष्कळ पोलिश आडनावं बाईपुरती बदलतात. शिपाई कोवाल्स्की, तर बायको कोवाल्स्का. त्यात इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातल्या याद्यांत ब्रिटनमधल्या पुढच्या मुक्कामाचा रकाना असतो खरा, पण तिथे पुनर्वसन छावणीचं नाव आलं की शेकडो माणसांचा पत्ता एकच. वयाचंही तसंच, फौजेच्या कॅडेट शाळेत जागा मिळावी म्हणून मुलांची वयं मागेपुढे झालेली आहेत. नातं आणि जन्मगाव फौजेच्या कागदावरून पक्कं केलं, तरच यादीतली योग्य ओळ हाती लागते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला मिरजेची गाडी धरून पुढे कोल्हापूरच्या रुळाला लागलं की वळिवडे स्टेशन लागतं, म्हणून हा विषय इथे परका नाही. पण आपल्या घरांसाठी त्याचा उपयोग निराळाच आहे. पोलिश फौज इटलीत लढत होती तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीही तिथेच होती. आपल्या शिपायांच्या बायका गावातच राहिल्या, तेव्हा जहाजाच्या यादीत घरच्यांचा शोध घेण्यात अर्थ नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत मात्र मृत जवानाच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा सापडतो. शोधताना जिल्हा ‘शोलापूर’ असा जुन्या स्पेलिंगने टाकावा, आणि मोडनिंबची निदान तीन-चार स्पेलिंगं करून पाहावीत.