रेकॉर्डिंगमधला आवाज आपलाच असतो



गटाच्या बैठकीत तासभर खणखणीत बोलणारी बाई रेडिओसाठी दोन मिनिटं बोलते. मोबाईलवर ते ऐकलं की तोंडाला पदर लावते. "अगं बाई, हा माझा आवाज? किती चिरका! पुसून टाक ताई, दुसरीला बोलू दे." भिवंडी तालुक्यातल्या आमच्या गटांत हे नेहमीचंच. पण यात दोष मोबाईलचा नाही आणि गळ्याचाही नाही.

दुसरीचा आवाज आपल्या कानात हवेतून येतो. आपला स्वतःचा आवाज मात्र दोन वाटांनी येतो. एक हवेची वाट, तोंडातून कानात. दुसरी हाडांची. बोलताना गळा थरथरतो, ती थरथर जबडा आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोचते. या वाटेने जाड, खालचे सूर चांगले येतात, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज उतरतो. जाडी गेली की तोच आवाज पातळ लागतो. मोबाईलचा स्पीकर छोटा असतो, त्यातून जाड सूर आणखी कमी निघतात.

करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि स्वतःचं नाव घ्या. आवाज आत घुमतो ना? हवेची वाट बंद केली तरी आला, तो हाडांतून.

आता विचार करा. शेजारीण, सासूबाई, बँकेतले साहेब यांनी तुमचा हवेतून येणारा आवाजच कायम ऐकलाय. तो ऐकून दचकणारी गावात तुम्ही एकट्याच!

कधी कधी लाज आवाजाची नसते, बोलीची असते. "माझं बोलणं शुद्ध नाही," असं आगरी किंवा वारली बोलणारी बाई म्हणते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो ओव्या त्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. त्या गाणं शिकलेल्या नव्हत्या, दळण दळणाऱ्या होत्या. त्यांनी "माझा आवाज नको" म्हटलं असतं, तर आज आपल्याला काय ऐकायला मिळालं असतं?

आवाज पुसला की म्हणणंही पुसलं जातं. पाणी किती लांबून आणावं लागतं, हे हंडा वाहणारीनेच सांगावं. दुसऱ्याने सांगितलं तर त्यातला भार जातो.

म्हणून थोडं लक्षात ठेवा. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब, जरा बाजूला धरा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. आधी दोन घोट पाणी प्या. यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय असेल, तर इथे तेवढं ओरडू नका, माइक जवळच असतो. रेकॉर्डिंग लगेच पुसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका, दोन-चार वेळा ऐकलं की कान सरावतो. आणि मैत्रिणीला "आवाज कसा वाटला?" असं विचारू नका. "मी काय म्हणाले ते समजलं का?" असं विचारा. ती हो म्हणाली, तर तुमचं काम झालं.