घरची बॅटरी आणि निरोपाची तार



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. गावेच्या गावे अंधारात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. पण छतावर नुसते पॅनेल बसवले तर लाईट गेल्यावर तेही बंद पडते. म्हणून गटात फिरताना सभासद आता उसाच्या बेण्याबरोबर आम्हाला बॅटरीचेही विचारतात.

राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांना कुणी सांगावे लागत नाही; पाण्याचा दाब वाढला की ते उघडतात. जुन्या ॲसिडच्या बॅटरीचे तसेच. ती उतरेल तसे व्होल्टेज उतरते आणि इन्व्हर्टर त्यावरून अंदाज घेतो. नव्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज मात्र बराच वेळ सपाट राहते. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीत १६ सेल असतात. एक जरी सेल काठोकाठ भरला तरी चार्जिंग आवरावे लागते. हे बॅटरीतल्या नियंत्रकालाच कळते आणि तो बारीक तारेतून इन्व्हर्टरला कळवतो. चिटबॉयने फडाची नोंद चुकवली की तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो. इथेही निरोप चुकला की ऐन रात्री बॅटरी स्वतःला तोडून घेते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) तार पिळाच्या जोड्यांचीच घ्यावी. निरोपाच्या दोन्ही तारा एकाच पिळातल्या असाव्यात.

२) टोक खाचेत बसले म्हणजे जोडणी जुळली असे नव्हे. पिनांचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात. दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवाव्यात. 'कॅन' पद्धतीत एच ला एच, एल ला एल. 'आरएस ४८५' मध्ये ए ला ए, बी ला बी.

३) बॅटऱ्या जास्त असतील तर इन्व्हर्टरची तार मुख्य बॅटरीलाच जोडावी, बाकीच्या साखळीने. प्रत्येकीचा क्रमांक पुस्तिकेप्रमाणे लावावा. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो; तो आतच आहे का ते पाहावे.

४) ही तार जाड वीजकेबलच्या पाइपातून नेऊ नये. वेगळा पाइप घ्यावा, म्हणजे उंदरांपासूनही राखण होते.

५) बॅटरी आणि जोडण्या घरातल्या पूररेषेच्या वरच असाव्यात.

६) इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा योग्य प्रकार निवडावा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद ठेवून करून घ्यावे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी इन्व्हर्टरवरची चार्जची टक्केवारी बॅटरीशी जुळते का ते स्वतः पाहावे. मग दिवसाउजेडी वायरमनला निरोपाची तार काढायला सांगावी. इन्व्हर्टरने सूचना दिली पाहिजे. दिली नाही, तर तो निरोप ऐकतच नव्हता असे समजावे आणि पैसे हातात असतानाच दुरुस्ती करून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी