राजीनामा आधी कागदावर, मग वर्गात

सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे)सारख्या गावात एखादे सर शाळा सोडणार, ही बातमी फार दिवस झाकून राहत नाही. नागपूर–वर्धा मार्गावर गाडीने अपडाऊन करणारे शिक्षक एकमेकांना ओळखतात. पालक आणि संस्थेचे पदाधिकारी एकाच बाजारात भाजी घेतात. तरीही रीत अशी पडली आहे, की दुसरीकडची ऑर्डर हातात पडेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही आणि मग आठ दिवसांत निरोप समारंभ उरकून मोकळं व्हायचं. ही लपवाछपवी मुलांना तर भोवतेच, पण शिक्षकालाही सोयीची वाटते तेवढी सुरक्षित नसते. कधी सांगायचं हे नियमाने बरंचसं ठरवून दिलेलं आहे, आणि ते शाळेच्या वर्षाकडे पाहूनच ठरवलेलं आहे.

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीचा 1977चा कायदा आणि 1981ची सेवाशर्ती नियमावली मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, मग शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित. नियम 40 सांगतो की कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यावी. त्याआधी जायचं असेल, तर कमी पडलेल्या दिवसांचं भत्ते वगळून वेतन भरून, संस्थेच्या संमतीने जाता येतं. इथवर ते कुठल्याही नोकरीसारखंच आहे. खरी मेख पुढे आहे. सुटीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याला सुटीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या मुदतीत सुटीचा कुठलाही भाग येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. म्हणजे सुटीचा पगार घेत मुदत भरून काढायची वाट बंद, आणि वर्गाची घडी बसते न बसते तोच निघून जाण्याचीही.

विदर्भात हा हिशेब आणखी आवळतो. उन्हामुळे इथल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. महिना सोडला की जुलै संपत येतो. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरची अखेर. 2025मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, म्हणजे दिवाळीची सुटी मध्येच आडवी आली असती. 2026मध्ये ते 8 नोव्हेंबरला असल्याने हिशेब कसाबसा बसेल. तान्ह्या पोळ्याच्या आसपास मनाशी निर्णय झाला, तर कायम शिक्षकाची नोटीस दिवाळीपूर्वी पुरी होणं अवघडच. दरवर्षी भरवशाचा काळ एकच उरतो: दिवाळीची सुटी संपल्यापासून जानेवारीपर्यंत. जानेवारीत दिलेली नोटीस एप्रिलमध्ये पुरी होते, दहावीची परीक्षा पार पडते आणि शाळेला नवं वर्ष आखायला वेळ मिळतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. इतक्या आधी सांगितलं आणि संस्थेने डूख धरला तर? पगारबिलावर सही अडते, अनुभव प्रमाणपत्राला चकरा माराव्या लागतात, सेवापुस्तक कपाटातून निघत नाही. असं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावरचा उतारा लपवण्यात नाही, क्रमात आहे. कायद्यानुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. (टपाल खात्याने 2025मध्ये ही सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, पण पोच घेण्याची सोय गेलेली नाही.) दबाव टाकून राजीनामा लिहून घेण्याच्या प्रकारांना या पद्धतीने थोडाफार लगाम बसतो, तीच पद्धत राजीनामा देणाऱ्यालाही तारखेचा पुरावा देते. स्टाफरूममध्ये आधी बोलून मग कागद लिहिणारा मात्र हा पुरावा हातचा घालवतो.

कागदावर कारण किती लिहावं? 1890मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, तेव्हा आजीव सदस्यांच्या बाहेरच्या कमाईवरून झालेल्या वादाची सगळी कैफियत त्यांनी लांबलचक निवेदनात मांडली. ते संस्थेच्या उभारणीतले होते, वाद तत्त्वाचा होता. त्यांना ते शोभलं. पगारदार शिक्षकाला ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं पुरतं. तक्रार असेलच तर ती वेगळ्या अर्जाने, नोकरीत असताना शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावी. राजीनाम्यात कोंबलेली तक्रार कुणी तक्रार म्हणून वाचत नाही.

दुसरा आक्षेप मुलांच्या नावाने येतो: आधी कळलं तर त्यांचं मन उडेल, पालक दाखले काढतील. नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर करा, असं कुणी म्हणत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून, परीक्षा संपल्यावर पण निकालाआधी, शिक्षकाने स्वतः सांगावं आणि पुढे विषय कोण घेणार तेही सांगावं. दहावीच्या मुलांना ट्यूशनच्या बाकावर ही बातमी कळली, तर घरी जाते ती अफवा असते. आणि दाखले निघतात ते बहुधा अफवेवरच.

तिसरा आक्षेप जरा कडू आहे. अनुदानित शाळेत रिकामी जागा लवकर भरतच नाही. भरती पवित्र पोर्टलमार्गे, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, आणि चाचण्या झाल्या त्या 2017, 2023 आणि 2025मध्ये. मग तीन महिने आधी सांगून काय साधणार? नवा कायम शिक्षक मिळणार नाही, हे खरंच. पण तासिका तत्त्वावर माणूस शोधायला, वेळापत्रक फिरवायला, उरलेला भाग कुणाच्या गळ्यात घालायचा ते ठरवायला तीन महिनेच लागतात. जाणाऱ्याने मागे काय ठेवायचं, हेही याच काळात ठरतं: अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, अर्धवट तपासलेल्या वह्या, आणि आठवी ‘ब’मधल्या कुठल्या मुलाला अजून भागाकार जमत नाही, त्याची एक यादी. ही यादी नियमात कुठेही मागितलेली नाही.